आधी देणगीचं खातं उघडा
(जिल्हा मेळाव्यात मांडलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाबद्दल आपण दरवर्षी बोलतो. ज्वारी मातीमोल विकली जाते, त्याबद्दलही बोलतो. आज भावाबद्दल थोडं कमी बोलू आणि भाव ठरवणाऱ्यांच्या खर्चाबद्दल थोडं जास्त. राजकीय पक्ष कशावर चालतात, निवडणुकीचा पैसा कुठून येतो आणि देणाऱ्याला त्याच्या बदल्यात काय मिळतं, हा आजचा विषय आहे. ऐकायला तो दिल्लीचा वाटतो. पण त्याचं बिल शेवटी आपल्या नावावर फाटतं, म्हणून तो या मांडवात घेतला आहे.

आधी एक साधा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला ८,११० रुपये होती. या भावानं १ कोटी रुपये उभे करायचे तर १,२३३ क्विंटल कापूस घालावा लागतो. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरले, तर हा जवळजवळ २४७ एकरांचा अख्खा माल झाला. त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी यांतलं काहीच वजा केलेलं नाही. २०१८ ते २०२४ या काळात असे एकेक कोटीचे कागद हजारोंच्या संख्येनं पक्षांच्या झोळीत पडले, आणि त्या कागदावर देणाऱ्याचं नाव नव्हतं. सरकारी भाषेत त्यांना निवडणूक रोखे म्हणत आणि पेपरात इलेक्टोरल बाँड.

ही वाट जुनी आहे

कंपन्यांनी पक्षांना पैसे द्यावेत की नाही, हा वाद बाँडपासून सुरू झाला असं कोणी समजू नये. १९५७ साली टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीचं प्रकरण मुंबई हायकोर्टात होतं. पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीला आपल्या नियमावलीत बदल करून हवा होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना तेव्हाच्या कायद्यात तो अडवायला जागा दिसली नाही, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना बजावलं, की हा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकतो आणि संसदेनं याचा वेळीच विचार करावा.

संसदेनं विचार केला तो असा. १९६० साली देणगीवर मर्यादा घातली. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. पण पक्षांचा खर्च मग कशातून भागायचा, याची दुसरी सोय केली नाही. परिणाम काय झाला, हे कापूसवाल्यांना समजावून सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात सीमेवर नाके बसवले, म्हणून कापूस शेजारच्या राज्यात जायचा थांबला का? तो रात्री गेला. तसंच देणगीचं झालं. जे चेकनं येत होतं ते बॅगेतून येऊ लागलं. शेवटी १९८५ साली बंदी उठवली आणि आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगीची मुभा दिली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ही मर्यादा साडेसात टक्के केली.

दुसरं भोक खर्चाच्या बाजूला पडलं. उमेदवारानं किती खर्च करावा याला कायद्यानं मर्यादा आहे. १९७४ साली कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. निकाल सरळ होता. पण काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि पक्षाचा खर्च हिशेबाबाहेर ठेवला. पुढे कायद्यात फेरबदल झाले, पण पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा आजही नाही. २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख अशी मर्यादा आहे. पक्षाला मात्र वाटेल तितका खर्च करता येतो. वासराच्या गळ्यात दावं बांधलं आणि वळू मोकळा सोडला. रानाची राखण कशी व्हायची?

नाव नसलेला कागद

आता बाँडकडे येऊ. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ही योजना जाहीर केली. सांगितलं असं, की निवडणुकीतला काळा पैसा जाईल आणि कारभार स्वच्छ होईल. २ जानेवारी २०१८ ला योजना लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत हजार रुपयांपासून १ कोटीपर्यंतचे बाँड मिळत. कंपनीनं पैसे भरून बाँड घ्यायचा, पक्षाला द्यायचा आणि पक्षानं तो पंधरा दिवसांत आपल्या खात्यात वटवायचा. देणाऱ्याचं नाव लोकांना कळणार नाही आणि पक्षालाही ते सांगण्याचं बंधन नाही.

एवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वेळी कंपनी कायद्यातली साडेसात टक्क्यांची मर्यादा उडवली. कोणत्या पक्षाला किती दिले हे नफा-तोटा खात्यात दाखवण्याची अटही काढली. म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही कोट्यवधी देण्याची मोकळीक मिळाली. ज्याच्या घरात दाणा नाही तो गावजेवण घालायला निघाला, तर दाणे कुणाचे हे विचारायला नको का? पण विचारायचं कुणी? विचारण्याचा रस्ताच कायद्यानं बंद केला. हे सगळं वित्त विधेयकातून झालं. त्यामुळे राज्यसभेला ते अडवण्याचा अधिकार उरला नाही. रिझर्व्ह बँकेनं आधीच हरकत घेतली होती. निवडणूक आयोगानंही २०१७ मध्येच कायदा मंत्रालयाला लिहून विरोध नोंदवला होता. दोघांचंही ऐकलं नाही.

परदेशी पैशाचीही अशीच सोय झाली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला, की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी निधीचा कायदा मोडला. दोन पक्ष एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण या प्रकरणात ते एकाच बाजूला उभे होते. पुढे २०१६ च्या आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी परदेशी कंपनीची व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलली, आणि ती थेट १९७६ पर्यंत मागे नेली. तुमचं पीक कर्ज तीन महिने थकलं तर सोसायटीची नोटीस येते. यांनी चाळीस वर्षांमागचा कायदा बदलून आपली थकबाकी पुसून टाकली.

यादी उघडली तेव्हा

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि इतर काही जण सुप्रीम कोर्टात गेले. निकाल लागायला सहा वर्षांहून जास्त काळ गेला आणि मधे २०१९ ची लोकसभा निवडणूकही होऊन गेली. शेवटी १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं एकमतानं बाँड योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे आणि ते दडवणारी योजना टिकू शकत नाही, असं कोर्टानं सांगितलं. कंपन्यांवरची मर्यादा उडवणारी दुरुस्तीही रद्द केली. स्टेट बँकेनं माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. म्हणजे लोकसभेचं मतदान उरकल्यावर. कोर्टानं ११ मार्चला ती नाकारली, आणि मार्च महिना संपायच्या आत सगळी यादी लोकांसमोर आली.

यादीत काय निघालं, ते ऐका. मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात एकूण सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे बाँड विकले गेले. आपल्या मघाच्या हमीभावानं हा दोन कोटी क्विंटलांहून जास्त कापूस झाला. नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एकेक कोटीच्या बाँडांची होती. हजाराचा बाँड छापला होता सामान्य माणसाच्या नावानं, पण वापरला कोट्यधीशांनीच.

एप्रिल २०१९ पासूनचा हिशेब पाहिला तर भाजपनं सुमारे ६,०६० कोटी वटवले, तृणमूल काँग्रेसनं सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसनं सुमारे १,४२१ कोटी आणि भारत राष्ट्र समितीनं सुमारे १,२१४ कोटी. आपल्या राज्यातल्या शिवसेनेचे दीडशे कोटींहून जास्त आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सुमारे ३१ कोटी. बाँड न घेणारे पक्षही होते. मार्क्सवादी पक्ष त्यांतला एक, आणि तोच कोर्टातही गेला, ही गोष्ट त्याच्या राजकारणाशी आपलं पटो न पटो, नोंदवली पाहिजे. बाकी बघा, ज्याच्या हातात जेवढी सत्ता तेवढी त्याची झोळी जड. दिल्लीत सत्ता असलेल्याला सगळ्यांत जास्त, आणि कोलकाता, हैदराबाद, भुवनेश्वर इथे तेव्हा सत्तेवर असलेल्यांना त्यांच्या त्यांच्या मानानं. देणगी विचाराला दिली असती तर ती सत्तेच्या मागे इतकी इमानानं चालली नसती.

देणारे कोण होते? सगळ्यांत मोठी देणगीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग ही कंपनी. तिनं १,३६८ कोटींचे बाँड घेतले. तिच्यामागे ईडीची चौकशी चालू होती. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. ही धरणं, बोगदे आणि रस्त्यांची सरकारी कामं घेणारी कंपनी. हैदराबादच्या एका औषध कंपनीच्या संचालकाला १० नोव्हेंबर २०२२ ला ईडीनं अटक केली. १५ नोव्हेंबरला त्या कंपनीनं ५ कोटींचे बाँड घेतले आणि २१ नोव्हेंबरला ते केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाच्या खात्यात वटले. पुढे हा संचालक माफीचा साक्षीदार झाला.

इथे आम्ही जपून बोलतो. या तारखा शेजारी शेजारी आहेत म्हणून गुन्हा शाबीत झाला, असं आम्ही म्हणत नाही. खास तपास पथक नेमावं ही मागणी सुप्रीम कोर्टानं २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली आणि नेहमीच्या कायदेशीर मार्गानं जा, असं सांगितलं. आमचं म्हणणं वेगळं आहे. या तारखा मतदारासमोर त्याच वेळी यायला हव्या होत्या. त्या पुढे आल्या कोर्टानं बडगा उगारल्यावर, आणि तोवर तीन-चार डझन निवडणुका होऊन गेल्या होत्या.

दोन गुप्तता

सरकारनं कोर्टात एक युक्तिवाद केला होता. देणगीदाराचं नाव उघड झालं तर विरोधी पक्ष त्याच्यावर सूड उगवेल, म्हणून नाव झाकलं पाहिजे. मतदान जसं गुप्त, तशी देणगीही गुप्त. वरवर पटणारी गोष्ट आहे. पण ती नीट चाळून पाहू.

मत गुप्त का ठेवलं? सालगड्यानं मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं तर त्याचं काम जाऊ नये. कर्जदारानं सावकाराच्या उमेदवाराला पाडलं तर त्याच्या दारात वसुली उभी राहू नये. दुबळ्याला बळकटापासून वाचवण्यासाठी मतपेटीवर पडदा टाकला. प्रत्येकाचं मत एक आणि सगळ्यांचं सारख्या वजनाचं, म्हणून तो पडदा कुणाचं नुकसान करत नाही.

देणगीचा पडदा याच्या नेमका उलट आहे. एकाची देणगी शून्य आणि दुसऱ्याची हजार कोटी. हा पडदा बळकटाला दुबळ्याच्या नजरेपासून वाचवतो. आणि तो सगळ्यांपासून सारखा झाकलेलाही नव्हता. बाँडवर साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक होता. बाँड विकणारी बँक सरकारची, नोंदी तिच्या दप्तरात. देणारा स्वतः जाऊन पक्षाला सांगू शकत होता. म्हणजे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, बँकेला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला आणि आम्हाला.

आपल्या गावातल्या सप्ताहाची वर्गणी कशी जमते, ते आठवा. कुणी अकरा रुपये दिले, कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी एका पंगतीचा खर्च उचलला, ते सगळं नावानिशी फळ्यावर लिहितात आणि शेवटच्या दिवशी भोंग्यावर वाचून दाखवतात. देवाच्या दारातला अकरा रुपयांचा हिशेब आपण उघडा ठेवतो. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर नसेल आणि हातात पक्की पावती नसेल, तर उगवण झाली नाही तरी आपली तक्रार कुणी घेत नाही. मग ज्या पैशातून सरकारं उभी राहतात, त्याच्यावर नावही नको आणि नंबरही नको, हा कुठला न्याय?

आपल्या कापसाशी काय संबंध?

कुणी म्हणेल, कंपन्यांनी पैसे दिले, पक्षांनी घेतले, त्यात आपलं काय गेलं? आपल्याला शेतीची कामं पडली आहेत. त्यांना आम्ही एकच उदाहरण देतो.

२ फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क लागू झालं. एप्रिल २०२२ मध्ये ते माफ केलं आणि ती माफी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली. १८ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा माफ केलं, ३० सप्टेंबरपर्यंत. कापड उद्योगाला पुरेसा कापूस मिळावा, असं कारण दिलं. तेव्हा आपल्याकडे कापूस पात्या-फुलांवर होता, म्हणून आपण म्हणालो, आपली वेचणी लागेपर्यंत मुदत संपेल. दहा दिवसांनी, २८ ऑगस्टला, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली पहिली आणि दुसरी वेचणी बाजारात येते, उधारी फेडायची असते, पोरीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, नेमके तेच महिने. शुल्क नसलेल्या परदेशी गाठींशी आपल्या कापसाची गाठ घालून दिली.

हा निर्णय देणगीमुळे झाला, असं आम्ही म्हणतो का? नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही. गिरणीवाल्यांनी उघड निवेदनं दिली होती, त्यांचीही अडचण होती, अमेरिकेनं आपल्या मालावर जबर जकात बसवली होती. निर्णय प्रामाणिकही असेल. आमचं दुखणं हेच आहे, की तो प्रामाणिक आहे की नाही हे तपासायचा रस्ता आपल्याला नाही. खातं झाकलेलं असलं की लाच खाऊन केलेला निर्णय आणि विचार करून केलेला निर्णय, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मग माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. चांगल्या मंत्र्यावरही राहत नाही.

आणखी एक गोष्ट. गिरणीवाल्यांचा निरोप दहा दिवसांत पोचतो. हमी केंद्र वेळेवर सुरू करा, हा आपला निरोप पोचायला वेचणी उलटून जाते. ज्वारीचं तर विचारूच नका. २०२५-२६ ला संकरित ज्वारीची हमी किंमत ३,६९९ रुपये जाहीर झाली, पण कागदावरची किंमत मोंढ्यात मिळावी म्हणून दिल्लीत फोन करणारा ज्वारीचा कुणी देणगीदार नाही. कोरडवाहू शेतकरी पक्षाला देऊ शकतो ते एक मत. ते पाच वर्षांतून एकदा मोजलं जातं. देणगीदाराची मोजणी वर्षभर चालू असते.

गावातलं पाकीट

वरून आलेला पैसा शेवटी कुठे मुरतो? गावात. गाड्या, जेवणावळी, दारू आणि मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारं पाकीट. त्या पाकिटाचाही हिशेब एकदा चुलीजवळ बसून करा. समजा एका मताचे ५०० रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२५. म्हणजे दिवसाला २७ पैसे. एवढ्या पैशात आज एक काडीपेटीही येत नाही.

मायबहिणींना हा हिशेब आधी कळतो. पाकीट घरात येतं, त्यातलं निम्मं त्याच रात्री गुत्त्यावर जातं, आणि पाच वर्षं हमी केंद्रावर बैलगाडी रांगेत उभी राहते ती त्यांच्याच घरची. पाकीट देणारा ते स्वतःच्या शेतातून आणत नाही. ज्यानं त्याला दिलं, तो ते वसूल करणार. ठेक्यातून करेल, जमिनीतून करेल, नाही तर तुमच्या मालाच्या भावातून करेल. आपणच विकलेल्या मताची किंमत आपल्याच कापसातून कापली जाते.

पुढे काय झालं, आणि काय करावं?

बाँड गेले म्हणून प्रश्न मिटला नाही. आता पैसा इलेक्टोरल ट्रस्टच्या वाटेनं जातो. ही योजना २०१३ ची आहे. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्टनं त्या वर्षी जमलेल्या रकमेतले निदान ९५ टक्के पक्षांना वाटायचे. बाँडपेक्षा हे बरं, कारण कुणी ट्रस्टला दिले आणि ट्रस्टनं कुणाला दिले, हे जाहीर होतं. पण सगळ्यांचा माल एका ढिगात पडला की कुणाचा दाणा कुणाच्या पोत्यात गेला, ते सांगता येत नाही. २०२४-२५ या वर्षी ट्रस्टांनी सुमारे ३,८११ कोटी वाटले. त्यातले सुमारे ३,११२ कोटी, म्हणजे शंभरातले ८२ रुपये, एकट्या भाजपला गेले. उद्या दिल्लीत दुसरा पक्ष आला तर ढीग त्याच्या अंगणात पडेल. म्हणून ही लढाई एका पक्षाविरुद्धची नाही. ती झाकलेल्या खात्याविरुद्धची आहे.

पक्ष आपण होऊन खातं उघडतील, या भ्रमात राहू नका. केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीचा अधिकार लागू होतो, असा आदेश दिला. त्यात उजवे, डावे, मधले सगळे होते. कुणीही तो पाळला नाही. ग्रामपंचायतीला माहिती द्यावी लागते, देश चालवणाऱ्या पक्षांना द्यावी लागत नाही.

काही जाणती माणसं म्हणतात, निवडणुकीचा खर्च सरकारनंच करावा. १९९८ साली इंद्रजित गुप्ता समितीनंही मान्यताप्राप्त पक्षांना सरकारनं काही मदत वस्तुरूपानं द्यावी, असं सुचवलं होतं. त्यावर चर्चा व्हावी. पण आमचं म्हणणं असं, की झाकलेली वाट बंद केल्याशिवाय सरकारी मदत दिली, तर पक्ष दोन्ही हातांनी खातील. आणि मुळाचा एक उपाय विसरू नका. सरकारच्या हातात जितक्या किल्ल्या, तितके किल्ली विकत घ्यायला येणारे. आज शुल्क लावायचं आणि उद्या उठवायचं, आज निर्यात खुली आणि उद्या बंद, हे मंत्र्याच्या एका सहीवर होतं तोवर त्या सहीचा बाजार भरणारच. हंगामाच्या मधे नियम बदलायचा नाही, एवढं बंधन जरी घातलं तरी त्या सहीचा भाव निम्म्यानं उतरेल.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही पुढील ठराव ठेवतो. चर्चा करा, दुरुस्ती सुचवा आणि मग हात वर करा.

१. पक्षाला मिळालेली प्रत्येक मोठी देणगी, देणाऱ्याच्या नावासह, ठरावीक दिवसांत आणि मतदानाच्या आधी जाहीर झाली पाहिजे. आज २० हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल वर्ष उलटल्यावर जातो, तोवर निवडणूक होऊन गेलेली असते.

२. ज्या कंपनीकडे सरकारी ठेका आहे किंवा जिची सरकारी चौकशी चालू आहे, तिला त्या काळात पक्षाला देणगी देता येऊ नये.

३. उमेदवाराप्रमाणे पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी.

४. शेतमालाचं आयात शुल्क आणि निर्यातीचे नियम पेरणीआधी जाहीर व्हावेत आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नयेत.

या चार गोष्टी दिल्लीकडे मागायच्या आहेत. पुढच्या तीन आपल्या आपण करायच्या आहेत, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहायला नको.

५. येत्या निवडणुकीत गावात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या भावकीतला असो की आपल्या जातीचा असो, सगळ्यांसमोर विचारायचं: तुझा खर्च कोण करतो? उत्तर फळ्यावर लिहून ठेवायचं.

६. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नाममात्र फी भरून तो कुणालाही पाहता येतो. प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्त्यांनी जाऊन तो पाहायचा, वहीत उतरवायचा आणि आपल्या गावात किती गाड्या फिरल्या, किती पंगती उठल्या त्याच्याशी ताडून पाहायचा. तफावत दिसली तर पुराव्यासह लेखी तक्रार करायची.

७. आपल्या मेळाव्याचा मांडव, भोंगा आणि जेवण यांचा खर्च 'आम्ही करतो' म्हणणारे पुढारी भेटतात. त्यांना हात जोडून नाही म्हणायचं. आपला खर्च आपल्या वर्गणीतून करायचा, आणि त्याचा जमाखर्च मेळावा उठायच्या आत वाचून दाखवायचा.

सातवा ठराव सगळ्यांत अवघड आहे, हे आम्हाला माहीत आहे. यंदा बोंडअळीनं आणि अवकाळीनं घरात काय ठेवलं आहे, ते सांगायला नको. दहा रुपयांची वर्गणी मागायलाही जीव होत नाही. पण दुसऱ्याच्या मांडवाखाली उभं राहून त्याला हिशेब विचारता येत नाही. आपली दहा रुपयांची पावती असेल तरच समोरच्याच्या हजार कोटींबद्दल बोलायला तोंड राहतं.

आजच्या मांडवाचा जमाखर्च तालुका प्रमुखांच्या हातात आहे. आता ते तो वाचतील. एकेक रक्कम नीट ऐका, शंका असेल तर इथेच विचारा, आणि मगच ठरावाला हात वर करा. एवढं सांगून आम्ही थांबतो.